तारांची वहिवाट

बोरघाट उतरून खोपोलीच्या पायथ्याशी आले म्हणजे सह्याद्रीच्या कड्यावरून खाली झेपावणाऱ्या जलवाहिन्या प्रथम डोळ्यांत भरतात आणि प्रवासी साहजिकच पाण्याचा विचार करू लागतो. परंतु त्याच पायथ्यापासून भातखाचरांच्या बांधांवरून, ठाकरवाड्यांच्या डोक्यावरून, पाताळगंगेच्या पात्रावरून आणि अलीकडे उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांना बगल देत मुंबईच्या दिशेने गेलेली पोलादी मनोऱ्यांची रांग कोणाच्या खिजगणतीतही नसते. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘जीर्णोद्धार’ हा विषय मुक्रर करून पत्र धाडले, तेव्हा देवळे, वाडे आणि ग्रंथालये यांच्याकडे वळणारे लेखक पुष्कळ असतील हे उघड होते. मला या मनोऱ्यांची आठवण झाली. आपल्या राज्यातील कित्येक अतिउच्चदाब वाहिन्या जुन्या झाल्या आहेत, काहींच्या मार्गाला तर शतक लोटले आहे, आणि त्यांची तार, त्यांची चिनीमाती, त्यांचे पोलाद बदलण्याचे काम गाजावाजा न होता चालू असते. ते कसे चालते, कोण करते आणि कोठे अडते, हे प्रत्यक्ष पाहावे म्हणून गेल्या पौष-माघात मी खालापूर आणि पनवेल तालुक्यांच्या शिवारांत हिंडलो.

पहिली वाट

खोपोलीचे वीजगृह फेब्रुवारी १९१५ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते सुरू झाले. लोणावळ्याच्या माथ्यावर वळवण आणि त्याच्या शेजारच्या तलावांत पावसाचे पाणी अडवावे, पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून ते नळांतून खाली सोडावे, त्याच्या जोरावर जनित्रे फिरवावीत आणि निर्माण झालेली वीज सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने सुमारे ७० किलोमीटर दूर परळपर्यंत न्यावी, अशी ती योजना होती; तिचा ध्यास घेतलेले जमशेटजी टाटा मात्र १९०४ मध्येच निवर्तले होते. दूरवर वीज वाहून नेण्याचा पाया म्हैसूर संस्थानाने १९०२ मध्ये शिवसमुद्रमहून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत वाहिनी टाकून घातला होता. परंतु गिरण्यांची चाके कोळशावाचून फिरविण्याइतकी वीज एका महानगराच्या दारात आणून सोडणे ही गोष्ट वेगळीच होती. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा आणि स्वातंत्र्यानंतर १९६२ पासून कोयना, अशी सह्याद्रीची वीज एकामागून एक सपाटीवर उतरू लागली, आणि प्रत्येक वीजगृहासाठी डोंगरातून नवी वाट आखावी लागली.

एवढा प्रचंड दाब कशासाठी, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडणे रास्त आहे. तारेतून जितका प्रवाह जाईल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णतेच्या रूपाने वीज वाया जाते. दाब दसपट केला तर तेवढीच वीज दशांश प्रवाहाने जाते आणि गळती शंभरावा हिस्सा उरते. पण दाब वाढला म्हणजे तारेला जमिनीपासून, झाडापासून आणि माणसापासून अधिक दूर ठेवावे लागते. २२० केव्हीच्या, म्हणजे २२० हजार व्होल्टच्या, वाहिनीची तार जमिनीपासून निदान सात मीटर उंच असावी लागते आणि तिच्याखाली ३५ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. ४०० केव्हीच्या वाहिनीसाठी हाच पट्टा प्रदीर्घ काळ ५२ मीटरांचा धरला जात असे. गेल्या शतकाच्या आरंभी ज्यांनी मोजणीची साखळी टाकून या वाटा आखल्या, त्यांच्यापुढे गवताळ माळ, भातशेती आणि खाडीची खाजणे पसरलेली होती. आज त्या वाटांच्या दोन्ही अंगांना वस्ती भिडली आहे. नवी तार कारखान्यातून मागविता येते, मनोरा नवा घडविता येतो, परंतु महानगराच्या वेशीपर्यंत पोहोचणारा असा अखंड पट्टा आज नव्याने मिळविणे जवळजवळ अशक्य झाले आहे. या साऱ्या जीर्णोद्धाराचे वर्म येथे आहे. जुनी वाहिनी तशीच राहू देऊन शेजारी नवी उभारावी आणि मग जुनी सावकाश मोडावी, ही सोय उरलेली नाही. जे काही करायचे ते त्याच वाटेवर, त्याच मनोऱ्यांवर, आणि वीज फार वेळ न थांबविता करायचे आहे.

लाइन क्लिअर

खालापूर तालुक्यातील एका वाडीमागच्या माळावर मी पोहोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजत होते. वाहिनी २२० केव्हीची, दुहेरी. म्हणजे एकाच मनोऱ्याच्या डाव्या अंगाला तीन आणि उजव्या अंगाला तीन अशा सहा तारा, आणि सर्वांत वर शिखरावर वीज झेलणारी भूतार. त्या दिवशी डाव्या अंगाच्या तारा बदलायच्या होत्या. उजव्या अंगाच्या तारांतून वीज नेहमीप्रमाणे वाहत राहणार होती. तळाशी तीसेक माणसे हेल्मेट आणि कमरपट्टे चढवून बसली होती, पण कोणी मनोऱ्याला हात लावीत नव्हते. सगळ्यांचे लक्ष जीपच्या बॉनेटवर वही पसरून उभ्या असलेल्या कनिष्ठ अभियंत्याकडे लागले होते.

तो वाट पाहत होता ‘लाइन क्लिअर’ची, म्हणजे वाहिनी बंद झाल्याची खात्री देऊन कामाला मिळणाऱ्या परवानगीची. अशा बंदची मागणी पुष्कळ दिवस आधी ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्राकडे नोंदवावी लागते. तेथील अधिकारी त्या दिवशीची मागणी, इतर वाहिन्यांची अवस्था आणि वीजगृहांची स्थिती पाहून परवानगी देतात किंवा नाकारतात. परवानगी मिळाल्यावरही त्या दिवशी सकाळी दोन्ही टोकांच्या उपकेंद्रांत प्रथम ब्रेकर उघडला जातो, मग आयसोलेटर उघडून डोळ्यांना दिसेल असा तुटलेपणा निर्माण केला जातो, मग तार जमिनीशी जोडली जाते, कुलूप घातले जाते, माणसे काम करीत असल्याची पाटी लावली जाते, आणि त्यानंतर सांकेतिक क्रमांक दिला जातो. फोनवर आलेला तो क्रमांक अभियंत्याने मोठ्याने उच्चारला, पलीकडच्या माणसाकडून तोच पुन्हा वदवून घेतला, वहीत लिहिला आणि लिहिलेला पुन्हा वाचून दाखविला. त्याचे वय तिशीच्या आतले असावे. मामलेदार कचेरीतील दस्तऐवज तपासतानाही मी कोणाला इतके काटेकोर पाहिलेले नाही.

परवानगी हाती आली तरी काम लगेच सुरू होत नाही. दोन मनोऱ्यांवर एकेक माणूस वर चढला. प्रत्येकाच्या हातात पिवळ्या रंगाची लांब अवाहक काठी होती आणि तिच्या टोकाला जाड तांब्याच्या तारेचा चिमटा. त्या तारेचे एक टोक प्रथम मनोऱ्याच्या पोलादाला घट्ट आवळायचे आणि मगच दुसरे टोक काठीने दुरून तारेवर अडकवायचे, हा क्रम कधीही चुकता कामा नये; काढताना तो नेमका उलटा. काठीचे टोक तारेजवळ जाताच तडतड असा आवाज होऊन एक निळसर ठिणगी उडाली, तेव्हा मी दचकलो. तार बंद असताना ठिणगी कसली, असे मी शेजारी उभ्या असलेल्या साताऱ्याकडच्या प्रौढ तंत्रज्ञाला विचारले. तो म्हणाला, “साहेब, पलीकडची जिवंत असली की अलीकडचीला मेलेली समजायचं नाही. पलीकडून ओढून घेते ती. आमच्या धंद्यात बंद तारेनंच जास्त माणसं घेतलीत.” जिवंत तारेच्या शेजारून मैलोन् मैल धावणाऱ्या बंद तारेत प्रवर्तनाने प्राणघातक दाब उत्पन्न होऊ शकतो; म्हणून उपकेंद्रांत भूसंपर्क असूनही कामाच्या दोन्ही बाजूंना तो पुन्हा द्यावा लागतो.

जरा कशी येते

लांबून पाहणाऱ्याला तार अखंड, राखाडी आणि निर्विकार दिसते. दुपारी जेवणाच्या सुटीत अभियंत्याने जुन्या तारेचा हातभर तुकडा माझ्यापुढे ठेवला. तो मनोऱ्यावरच्या पकडीखालून कापलेला होता. या जातीच्या तारेला झेब्रा म्हणतात. तिच्याहून बारीक ती पँथर आणि जाड ती मूस, असा जनावरांची नावे देण्याचा ब्रिटिश अमदानीतला प्रघात अजून चालू आहे. झेब्रात मध्यभागी सात पोलादी तारांचा गाभा असतो आणि त्यावर बारा, अठरा आणि चोवीस अशा तीन थरांत पिळलेल्या चोपन्न ॲल्युमिनियमच्या तारा असतात. प्रत्येकीची जाडी ३.१८ मिलिमीटर. पोलाद ताण सोसते, ॲल्युमिनियम वीज वाहते. अभियंत्याने पक्कडीने वरचा थर उलगडला, तसे आतून पांढरे पीठ भुरभुरत माझ्या तळहातावर पडले. आणखी एक थर उलगडल्यावर गाभा दिसला: त्याच्यावरचा जस्ताचा मुलामा ठिकठिकाणी नाहीसा झालेला, आणि पोलाद विटकरी. बाहेरच्या थरातील तीन तारा पकडीच्या कडेशी अगदी सपाट तुटल्या होत्या, कोणी करवतीने कापाव्यात तशा; त्यांची तुटलेली टोके मी बोटाने चाचपून पाहिली, तेथे ओढाताणीची खूण नव्हती.

पांढरे पीठ हा गंजाचा प्रकार आहे. पोलादावर जस्त आहे तोवर ॲल्युमिनियम सुरक्षित असते. समुद्राकडून येणारी खारी हवा आणि कारखान्यांचा धूर थरांच्या फटींतून आत शिरून जस्त खाऊन टाकतात, आणि मग ओलसरपणात पोलाद व ॲल्युमिनियम यांचा परस्परांशी संपर्क येऊन ॲल्युमिनियम आतल्या आत झिजू लागते. बाहेरचा थर शेवटपर्यंत शाबूत दिसतो. तुटलेल्या तारांचे कारण निराळे, आणि ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही: वादळाहून मंद, एकसारखा वारा त्यांना अधिक घातक ठरतो. सपाटीवरून सेकंदाला दोन-चार मीटर वेगाने वाहणारी झुळूक तारेमागे भोवरे निर्माण करते आणि तार डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक थरथरू लागते. ही थरथर पकडीपाशी अडते, आणि वर्षानुवर्षे तेथेच वाकून वाकून धातू थकतो. यावर उपाय कॅलिफोर्नियातील जॉर्ज स्टॉकब्रिज या अभियंत्याने १९२० च्या दशकात शोधला. पकडीपासून थोड्या अंतरावर तारेला लोंबकळणारा, मल्लाच्या डंबेल्ससारखा दिसणारा जो लहानसा ऐवज आपण पाहतो, तो त्याचा. तारेची थरथर तो आपल्या अंगावर घेतो. जुन्या वाहिन्यांवर हे ऐवज सैल होऊन घसरलेले, क्वचित गळून पडलेलेही असतात.

जरा एकट्या तारेलाच येते असे नाही. तार आणि मनोरा यांच्यामध्ये चिनीमातीच्या डिस्कची माळ असते. २२० केव्हीला चौदाच्या आसपास डिस्क लागतात. त्यांच्यावर मीठ, वीटभट्ट्यांची राख आणि रस्त्याची धूळ यांचा लेप बसतो. कोरडा असताना हा लेप निरुपद्रवी, पण थंडीतल्या पहाटे दव पडले की तोच वीज वाहू लागतो आणि माळेवरून ज्वाळ उठते. म्हणून खाडीकाठी आता संमिश्र पॉलिमरच्या माळा बसवितात, कारण त्यांच्या पृष्ठभागावर पाणी पसरत नाही. मनोऱ्यांचे दुखणे पायाशी असते: काँक्रीटच्या चौथऱ्यातून पोलादी पाय जेथे बाहेर येतो त्या सांध्यात पावसाचे पाणी साचते आणि तेथेच पोलाद पातळ होत जाते. त्यात भर चोरीची. मनोऱ्याचे खालचे आडवे-तिरके अँगल रात्री कापून भंगारात विकले जातात; चार-दोन अँगल नाहीसे झाल्याचे लांबून कळत नाही, आणि एखाद्या वळवाच्या वाऱ्यात सारा मनोरा कोसळतो.

या सगळ्याकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचा दाखला स्टॉकब्रिजच्याच प्रांतात मिळतो. उत्तर कॅलिफोर्नियात १९२१ च्या सुमाराची एक पारेषण वाहिनी पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीच्या ताब्यात होती. तिच्या एका मनोऱ्यावर डिस्कची माळ ज्या आकड्याला टांगली होती, तो लोखंडी आकडा वाऱ्याच्या झोक्यांनी जवळजवळ शंभर वर्षे घासत राहिला. ८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी तो तुटला, जिवंत तार मनोऱ्यावर आदळली, ठिणग्या वाळलेल्या गवतात पडल्या, आणि काही तासांत पॅराडाइज हे गाव भस्मसात झाले. पंच्याऐंशी माणसे मेली. कंपनीने न्यायालयात मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. तळहातावर मावणाऱ्या त्या आकड्याची झीज मनोऱ्यावर चढून जवळून पाहिल्याखेरीज कोणाला दिसली नसती. आपल्याकडे आता ड्रोन उडवून माळांची आणि पकडींची छायाचित्रे घेतात, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने तापलेले सांधे हुडकतात. हे फार चांगले आहे. तरीही तो साताऱ्याचा तंत्रज्ञ डिस्कची प्रत्येक खीळ बोटाने फिरवून पाहत होता, आणि माझ्या मते ते काम यंत्रावर सर्वस्वी सोपविण्याचा काळ अद्याप आलेला नाही.

झोळाचे गणित

जुनी तार काढून तशीच नवी घालणे हा एक मार्ग. पण वाट एकच आणि मागणी पूर्वीच्या कित्येक पट, तेव्हा त्याच मनोऱ्यांवरून अधिक वीज नेता आली तर तीच खरी प्राप्ती. येथे आडवा येतो तो तारेचा झोळ. अधिक प्रवाह म्हणजे अधिक उष्णता, उष्णतेने धातू प्रसरण पावतो आणि तार खाली येते. साडेतीनशे मीटरांच्या गाळ्यात, म्हणजे दोन मनोऱ्यांमधल्या अंतरात, तारेला आठ मीटर झोळ असेल, तर तारेची लांबी त्या गाळ्याहून अर्धा मीटरसुद्धा जास्त नसते. तिच्यात केवळ दहा सेंटिमीटरांची भर पडली की झोळ पाऊण मीटरने वाढतो. तार जमिनीपासून सात मीटरांच्या खाली येऊ द्यायची नाही, एवढ्या एका बंधनामुळे जुन्या तारेला सर्वसाधारणपणे ७५ ते ८५ अंश सेल्सिअसपलीकडे तापू देता येत नाही. अडसर विजेचा नसून तिच्या उतरण्याचा आहे.

म्हणून नव्या तारांत गाभाच बदलला गेला. एका प्रकारात पोलादाऐवजी इन्व्हार हे ३६ टक्के निकेल असलेले मिश्रपोलाद वापरतात. उष्णतेने ते अत्यल्प प्रसरण पावते. त्याच्या शोधाबद्दल शार्ल एदुआर गिल्योम यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते घड्याळे आणि मापनपट्ट्या यांच्या अचूकपणासाठी. दुसऱ्या प्रकारात कार्बन तंतूंचा गाभा असतो. अशा तारा पावणेदोनशे अंशांपर्यंत, काही जाती दोनशे अंशांपलीकडेही तापल्या तरी, ठरलेल्या झोळाबाहेर जात नाहीत. कारण विशिष्ट तापमानानंतर सारा ताण गाभ्यावर येतो आणि ॲल्युमिनियम नुसते सोबत राहते. तेवढ्याच जाडीच्या तारेतून जवळजवळ दुप्पट वीज नेता येते, मनोऱ्याला हात न लावता. अर्थात हे फुकट नाही. तार कित्येक पट महाग पडते, आणि प्रवाह दुप्पट केला तर गळती चौपट होते, हा वर सांगितलेला नियम येथेही लागू आहे. म्हणून अशी वाहिनी बारमाही भरभरून चालवावी हे मला शहाणपणाचे वाटत नाही. शेजारची वाहिनी अकस्मात बंद पडली असता तिचा भार काही तास पेलणारी म्हणून तिचे मोल आहे.

तार चढविण्याचा प्रकार मी दोन्ही टोकांना उभे राहून पाहिला. एका टोकाला नव्या तारेचे प्रचंड रीळ आणि तिला ताण देऊन धरणारे यंत्र, दुसऱ्या टोकाला ओढणारे यंत्र, आणि मधल्या प्रत्येक मनोऱ्यावर पकडीच्या जागी कप्पी. जुनी तार धड असेल तर तिलाच दोर म्हणून वापरतात: तिच्या शेवटावर पोलादी जाळीचा मोजा चढवून, पीळ उतरविणारा फिरता सांधा मध्ये घालून, तिला नवी तार जोडतात आणि जुनी ओढत ओढत नवी आत आणतात. जुनी किडलेली असेल तर हा धोका पत्करीत नाहीत. नवी तार सर्व वेळ ताणावर, हवेत राहिली पाहिजे. ती बांधावर घासली, दगडावर आपटली तर तिच्या पृष्ठभागावर ओरखडे उठतात आणि पुढे वीज तेथून सळसळत गळू लागते. कार्बनच्या गाभ्याला तर तीव्र वळणही सोसत नाही, म्हणून कप्प्याही मोठ्या व्यासाच्या लागतात.

वर चढणारी बहुतेक माणसे मालदा आणि झारखंडकडची होती. एकाच गावची, बहुधा एकाच कुळातली दहा-पंधरा माणसे मुकादमाबरोबर येतात, माळावर प्लास्टिकच्या झोपड्या घालतात आणि वाहिनीबरोबर पुढे सरकत राहतात. मी ज्याच्याशी बोललो तो तरुण गुजरात, तेलंगण आणि कर्नाटक पालथे घालून येथे आला होता. “चाळीस मीटर वर काही वाटत नाही, दादा,” त्याने मोडक्या मराठीत सांगितले, “दुपारी लोखंड तापतं, तेव्हा हात भाजतो.” तिसऱ्या प्रहरी तो एका हाताने अँगल धरून, दुसऱ्या हाताने शंभर टनी दाबयंत्राचा जबडा तारेच्या शेवटावर बसवीत होता, आणि खाली मुकादम दुर्बिणीने पलीकडच्या मनोऱ्यावर बांधलेली झोळाची पट्टी पाहत हात वर-खाली करीत होता. मुंबईतले दिवे या माणसांच्या मजुरीवर लागतात. त्यांच्या झोपडीत मात्र त्या रात्री सौरकंदील होता.

मनोऱ्याखालची जमीन

ज्या शेतात रीळ उभे होते त्या शेताचे मालक, साठीच्या पुढचे एक गृहस्थ, दिवसभर बांधावर बसून होते. भात निघाल्यावर जमिनीच्या ओलीवर त्यांनी वाल पेरला होता. यंत्राच्या वाटेत आलेल्या दोन खाचरांतला वाल चेंगरला होता. तलाठ्यासमक्ष पंचनामा झाला होता आणि पिकाचे पैसे मिळतील असे सांगण्यात आले होते. “वालाचं मिळंल हो,” ते म्हणाले, “पण हा खांब माझ्या आज्याच्या वेळचा. तेव्हा आज्याला काय दिलं ते आम्हाला ठावं नाही, आणि आता धाकटा म्हणतो घर बांधायचं, तर तारंखाली बांधता येत नाही. जमीन माझी, सातबारा माझा, आणि वापर कुणाचा?”

हा प्रश्न कायद्याच्या मुळाशी जाणारा आहे. वाहिनीसाठी जमीन संपादित केली जात नाही. इंग्रजांनी तारायंत्राच्या सोयीसाठी केलेल्या १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात असा संकेत होता, की सरकारने तार न्यावी, मालकी जमीनमालकाचीच राहावी, आणि त्यास केवळ झालेल्या नुकसानीचा मोबदला द्यावा. कोणी अडविले तर जिल्हाधिकाऱ्याने अडथळा दूर करावा. तेच अधिकार २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ अन्वये वीजवाहिन्या टाकणाऱ्यांना बहाल करता येतात. तारायंत्राचा खांब शेताच्या कोपऱ्यात एक हात जागा व्यापीत असे. २२० केव्हीचा मनोरा आणि त्याच्या तारांखालचा ३५ मीटरांचा पट्टा ही निराळी बाब आहे, हे मान्य व्हायला फार काळ लागला. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीसाठी किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत मोबदल्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि जून २०२४ मध्ये तीच अनुक्रमे २०० आणि ३० टक्के अशी सुधारली. पण ही व्यवस्था मुख्यतः नव्या वाहिन्यांसाठी. जुन्या वाटेवर तार बदलताना सहसा चेंगरलेल्या पिकापुरताच पंचनामा होतो.

मला हे न्याय्य वाटत नाही, आणि तसे लिहिणे मी कर्तव्य समजतो. विजेसाठी जमीन देणाऱ्यांचा प्रश्न या मुलखाला नवा नाही. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो भिऱ्याच्या विजेच्याच पायाशी होता. धरणात बुडालेली गावे निदान इतिहासात नोंदली गेली. तारांखालचे शेतकरी कोठेच नोंदले गेले नाहीत, कारण त्यांचे काही बुडाले नाही. त्यांच्या जमिनीचे मोल तेवढे कायमचे गोठले. ज्या वाटेची किंमत आज पारेषण कंपन्यांना कोणत्याही तारेहून अधिक वाटते, ती वाट तीन पिढ्या राखली ती या लोकांनी. तार बदलून तिच्यातून दुप्पट वीज नेण्याचा लाभ व्हावयाचा असेल, तर त्या लाभाचा काही हिस्सा वार्षिक भाड्याच्या रूपाने त्यांच्या पदरात घालणे अशक्य का असावे?

महानगराची निकड

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि तिच्या आसपासचा प्रदेश अचानक अंधारात गेला. कळवा आणि पडघा यांच्या दरम्यानच्या ४०० केव्ही वाहिन्यांवर एकामागून एक बिघाड होऊन शहराकडे येणारा मुख्य ओघ तुटला. उरलेल्या वाहिन्यांना तो भार पेलला नाही, आणि शहराला बाहेरच्या जाळ्यापासून अलग करून आतल्या वीजगृहांवर जिवंत ठेवणारी जुनी योजनाही त्या दिवशी फळास आली नाही. लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, रुग्णालयांना जनित्रांचा आसरा घ्यावा लागला. महासाथीचे दिवस होते ते.

त्या दिवसाचा अर्थ मला या माळावर अधिक कळला. मुंबईत येणाऱ्या वाटा मोजक्या आहेत. त्यांतील एक दुरुस्तीसाठी बंद केली की दुसऱ्या ओझ्याखाली जातात, आणि नेमक्या त्या वेळी त्यांतील एखादी पडली तर सारेच पडण्याचा संभव. म्हणून भार प्रेषण केंद्र बंदची परवानगी नाकारते. परवानगी न मिळाल्याने जुनी तार तशीच राहते. आणि जुनी तार राहिली म्हणून बिघाडाची भीती वाढते. हे चक्र तोडायला प्रथम एक वाट जास्तीची हवी. खारघर ते विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी दीर्घकाळ रखडून ऑक्टोबर २०२३ मध्ये कार्यान्वित झाली, तिचे महत्त्व नव्या विजेइतकेच या श्वास घ्यायला मिळालेल्या अवकाशात आहे: आता जुन्यांपैकी एखादी काही तास मिटून ठेवता येते. भूमिगत केबल हा पर्याय सुचविणारे पुष्कळ आहेत आणि दाट वस्तीत तो अपरिहार्यही आहे, परंतु त्याचा खर्च कित्येक पट, आणि जमिनीखाली दोष निर्माण झाला तर तो शोधून दुरुस्त करण्यात दिवसच्या दिवस जातात. खाडीकाठी आणखी एक दक्षता: मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानंतर कांदळवनाला बाध येणार असेल तर सार्वजनिक कामालाही न्यायालयाची अनुमती घ्यावी लागते, आणि खाडीचे काठ ज्या वेगाने बुजवले गेले ते पाहता हे बंधन योग्यच आहे.

सायंकाळी साडेपाचला त्या दिवशीचे काम आटोपले. अभियंत्याने माणसे मोजली, वर लावलेले भूसंपर्क मोजले, काढलेले मोजले, दोन्ही आकडे जुळल्यावरच दोन्ही उपकेंद्रांना फोन केला आणि लाइन क्लिअर परत केला. उतरविलेली जुनी तार रिळावर गुंडाळून वजन करून भांडारात जमा करायची होती; तिच्या ॲल्युमिनियमला भाव असल्याने तिचा हिशेब किलोकिलोने ठेवला जातो.

पुढच्या टप्प्यात ही वाहिनी मुंबई-पुणे लोहमार्ग आणि द्रुतगती मार्ग ओलांडते. त्यासाठी लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना मचाण बांधून जाळे पसरावे लागेल, रेल्वेने काही तासांचा ब्लॉक द्यावा लागेल, महामार्ग पोलिसांनी वाहने रोखावी लागतील, आणि नेमक्या त्याच तासांत ऐरोलीहून बंदची परवानगी मिळावी लागेल. चारही गोष्टी एका दिवशी जुळवून आणण्यासाठी अभियंत्याचा पत्रव्यवहार त्या वेळी तिसऱ्या महिन्यात होता. मार्चच्या मध्यापर्यंत दिवस ठरला नाही तर उन्हाळ्याची मागणी चढते आणि बंद मिळत नाही, त्यामागून पाऊस येतो आणि खाचरांत यंत्र उतरत नाही. हा मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी मी त्याला फोन केला, तेव्हा या ओलांडणीचे चार गाळे अजून जुन्याच तारेवर होते आणि नवा अर्ज भात कापणीनंतरच्या तारखांसाठी केला होता.